‘पोचलास का?’ : काळजी, प्रेम की नुसती धाकधूक?

चौथीसीट (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:१२

मुद्दा सरळ मांडते, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

जीव कासावीस झाला की ते प्रेम, हे आपल्या डोक्यात गाण्यांनी, मालिकांनी आणि कॉलेजातल्या मैत्रिणींच्या रडारडीने पक्कं बसवलंय. माझं म्हणणं असं की त्यातली निम्मी तरी प्रकरणं प्रेमाची नसतात, धाकधुकीची असतात. समोरचा माणूस कसा आहे, त्याचं काय चाललंय, याचं आपल्याला फारसं पडलेलं नसतं. तो आपल्याला सोडून तर जाणार नाही ना, एवढंच पडलेलं असतं. हल्ली याला अँक्शस अटॅचमेंट म्हणतात. रील्सवर रोज कोणीतरी समजावत असतं.

मी मुलुंडची. अडीच वर्षं एका मुलाबरोबर होते, तो वर्सोव्याला राहायचा. दोन दिवस मेसेजचा पाऊस, मग चार दिवस चिटपाखरू नाही. त्या अडीच वर्षांत घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यापाशी फोन हातात धरून मी इतकी उभी राहिलेय की तिथल्या सिक्युरिटीवाल्या ताई ओळखीचं हसायला लागल्या होत्या. एकदा दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही, तर ‘इकडेच काम होतं’ अशी थाप मारून मुलुंडहून थेट वर्सोवा गाठलं. काम कसलं डोंबलाचं! त्याने दार उघडलं, हसला, आणि मला वाटलं, हेच ते. परतीच्या मेट्रोत साकीनाका यायच्या आत पोटात पुन्हा गोळा: हसला खरा, पण मनापासून हसला का?

आता घरच्यांनी सुचवलेल्या एकाला चार महिने भेटतेय. चेंबूरचा आहे. ‘निघालो’, ‘पोचलो’, ‘जेवलीस का’, असे रेल्वेच्या उद्घोषणेसारखे मेसेज. यायचं म्हटलं की येतो. आणि मला आत काहीच होत नाही. आईला वाटतं मुलगा पसंत नाही. मला वाटतं, अडीच वर्षं झणझणीत खाऊन जीभ पोळलीय म्हणून वरणभात अळणी लागतोय.

ओढ असते, हुरहूर असते, त्या मला मान्य. धाकधूक त्यांच्यात खपून जाते. पहिलं प्रकरण प्रेम नव्हतंच, या निष्कर्षाला मी आलेय. कोणाला पटत नसेल तर बोला.

कसारा_शेवटची · रात्री १०:३१

आमच्यासारख्यांच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं म्हणून लिहितो. मी तो ‘उत्तर न देणारा’ आहे. संध्याकाळी सहानंतर दादरला कधी कसारा गाडी पकडलीय का? हात खाली राहिला तर कल्याणपर्यंत खालीच राहतो. मेसेज वाचला जातो, कारण पुढच्याच्या खांद्यावर फोन टेकवून एक डोळा फिरवता येतो. टाइप करता येत नाही. निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या, त्याआधी माझा संसार बरा चालला होता. तुमची धाकधूक हा आमचा गुन्हा कसा?

कोरडा_विनोद · रात्री १०:३३

वरणभातावर तूप घालून पाहिलंत का?

संस्कृत_सहावा_तास · रात्री १०:५८

सपशेल असहमत.

हे सगळं परदेशी लेबल आहे आणि आपण ते आपल्या कपाळावर डकवून घेतोय. आपल्याकडे शृंगारात अष्टनायिका सांगितल्या आहेत. वासकसज्जा नटून वाट पाहते. विरहोत्कंठितेचा तो आलेलाच नाही. विप्रलब्धा ठरल्या जागी जाऊन फसलेली, खंडिता त्याच्या अंगावर दुसरीच्या खुणा बघून पेटलेली, कलहांतरिता भांडून पस्तावणारी, प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी. अभिसारिका रात्री एकटी निघते. आठांतली पूर्ण निवांत अशी एकच, स्वाधीनभर्तृका. आणि खरं सांगा, तिच्यावर कोणाला कविता सुचते?

वारकऱ्यांची विरहिणी घ्या. देवासाठी तळमळणाऱ्या जिवाला तुम्ही काय ‘तुझी अटॅचमेंट स्टाइल बिघडलीय’ असं सांगणार? तळमळ काढून टाकलीत तर प्रेमात उरतं काय, गृहकर्जाचा सहअर्जदार?

धागाकर्ती वर्सोव्याला धावत गेली त्याला आपल्याकडे अभिसार म्हणतात. तिने तो खोटा ठरवू नये.

चौथीसीट · रात्री ११:१५

गृहकर्जाचा सहअर्जदार आवडला :-)

पण सर, तुमच्याच शास्त्रात याच शृंगाराचे नायक चार: अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. एक एकनिष्ठ, एक सगळ्यांशी गोड वागणारा, एक लपूनछपून फसवणारा आणि एक उघडउघड निर्लज्ज. त्यांत जागत बसलेला एक तरी दाखवा. बाईचे आठ प्रकार ती त्याच्यामुळे कुठल्या अवस्थेत आहे यावरून आणि पुरुषाचे चार तो कसा वागतो यावरून. म्हणजे तिची तळमळ सुंदर ठरवणाऱ्याला तळमळावं लागत नव्हतं.

आणि विरहिणीचा देव चार दिवस ऑनलाइन असून गप्प बसत नाही.

संस्कृत_सहावा_तास · रात्री ११:२४

शेवटच्या वाक्याशीही असहमत. देव नेमकं तेच करतो.

बाकी, नायकांचा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

काकू_दादरच्या · मंगळवार, सकाळी ७:०५

मी शक्यतो नुसती वाचते. आज लिहितेय.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर पेपरात वाचला. त्या रात्री आम्हाला एवढंच ठाऊक होतं की वीज नाही, फोन लागत नाही आणि माणूस अंधेरीत सीप्झला आहे. मुलगा सात वर्षांचा. मी रात्रभर गॅलरी ते स्वयंपाकघर फेऱ्या घातल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो बसा, जमीन झिजेल. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हे आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मी एक शब्द बोलले नाही. चहा टाकला. मग अंघोळीचं पाणी. दुपारी दोघं ढाराढूर झोपलो.

तेव्हा कोणी मला अँक्शस म्हटलं असतं तर तोच चहा त्याच्या डोक्यावर ओतला असता.

या शहरात रेल्वेमार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. इथे ‘पोचलास की कळव’ म्हणणाऱ्या बायकांना वेड लागलेलं नाही. तेव्हा चौथीसीट, धाकधूक म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबू नकोस गं.

चौथीसीट · सकाळी ९:४०

(गाडीतून लिहितेय, खरोखरच चौथ्या सीटवर, अर्धी मांडी हवेत)

काकू, तुमच्याच गोष्टीत मला फरक दिसतोय. काका आले आणि तुम्ही झोपलात. माझं तेच होत नव्हतं. तो समोर बसलेला असायचा, हात हातात असायचा, आणि मी मनात हिशेब करायचे की हा आता निघाला की पुन्हा कधी. माणूस दारात आला की उतरते ती काळजी. माझी उतरत नव्हती.

ओपीडी_क्र_१२ · दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. एका पालिका रुग्णालयात मानसोपचार विभागात काम करते, कुठल्या ते विचारू नका.

धागाकर्तीने वर जे सहज लिहिलंय त्यावर मेरी एन्सवर्थ या बाईंचं सगळं काम उभं आहे. वर्षभराच्या आसपासचं बाळ आणि आई एका अनोळखी खोलीत. आई दोनदा बाहेर जाते, तीन-तीन मिनिटं. सगळ्यांना वाटतं की बाळ रडतं का, ते बघायचं असेल. रडणं फार काही सांगत नाही, धडधाकट नात्यातली बाळंही भोकाड पसरतात. बघायचं असतं आई परत आल्यावर काय होतं ते. काही बाळं कडेवर घेतलं की दोन मिनिटांत शांत होऊन पुन्हा खेळण्याकडे वळतात. काही आईकडे बघतच नाहीत. आणि काही तिला घट्ट बिलगतात, त्याच वेळी तिला लाथा मारतात, कडेवर असूनही रडं थांबत नाही. हा तिसरा गट म्हणजे अँक्शस. हे सगळं १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकात आलं. मोठ्यांच्या प्रेमाला हीच फूटपट्टी लावली हॅझन आणि शेव्हर यांनी, १९८७ साली. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून. ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के अंतर राखणारे, १९ टक्के धास्तावलेले, असं साधारण निघालं.

आता तक्रार. ‘प्रेम विरुद्ध अटॅचमेंट’ अशी कुस्ती लावू नका. अटॅचमेंटची कल्पना ज्यांनी मांडली त्या जॉन बोल्बी यांचं म्हणणंच असं होतं की माणसाला माणूस लागतं, लहानपणी आणि म्हातारपणीही, आणि यात कमीपणा काही नाही. प्रेमात अटॅचमेंट असतेच. ती धास्तावलेली आहे की विसावलेली, एवढाच प्रश्न. अँक्शस अटॅचमेंट हा आजारही नाही. मोठ्या माणसांच्या केसपेपरवर असं निदान लिहीत नाहीत.

संस्कृतवाल्या सरांच्या ‘परदेशी लेबल’ला अर्धा दुजोरा. साप्पोरोच्या जपानी बाळांवर हा प्रयोग केला तेव्हा अँक्शस बाळं भरपूर निघाली, कारण तिथल्या आया तेव्हा बाळाला क्वचितच एकटं सोडत. त्यांच्यासाठी तीन मिनिटं म्हणजे आकाश कोसळणं. १९८८ साली आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र मांडले, त्यांत भारत नव्हता. आपल्याकडे चाळीत बाळ दिवसभर पाच जणींच्या मांडीवरून फिरायचं. ते त्या अनोळखी खोलीत कसं वागलं असतं, देव जाणे. पण सर, त्याच मांडणीत हेही दिसलं की देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या माणसांमधला फरक मोठा होता. त्यामुळे ‘आमची संस्कृतीच तळमळीची’ हे काही चालणार नाही.

आणि वर्सोवा प्रकरणासाठी कबुतरं. स्किनर यांच्या पेटीतल्या कबुतराला चोच मारली की दर वेळी दाणा दिला, तर ते भुकेपुरती मारतं. दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, असा बेभरवशाचा केला की ते चोची मारतच सुटतं. दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ थांबत नाही. ताडपत्री पडायच्या आधीचा दादरचा कबुतरखाना आठवा. दाणे रोज पडत, कबुतरं कशी सुस्त फिरायची. दोन दिवस पाऊस आणि चार दिवस चिटपाखरू नाही, ही पेटी होती.

सुट्टी संपली. बाकी नंतर.

कोरडा_विनोद · दुपारी १:२४

म्हणजे चेंबूरचा मुलगा कबुतरखाना. अभिनंदन.

वांद्रे_पूर्व · दुपारी ३:५०

सगळं छान, शास्त्रीय वगैरे. आता मी बिघडवतो.

मी मुलगा आहे आणि माझ्या नात्यात ‘अँक्शस’ मी होतो. ती पुण्याला नोकरीला गेली. शुक्रवारचे फोन कमी झाले, मग ‘मीटिंगमध्ये आहे’ वाढलं. विचारलं की उत्तर ठरलेलं: तू फार निडी झालायस, स्वतःवर काम कर, थेरपी घे. मी घेतली. खरंच घेतली, दर आठवड्याला पदरचे पैसे मोजून. श्वास कसा घ्यायचा ते शिकलो. बीकेसीच्या ऑफिसात जिन्यात बसून दहापर्यंत आकडे मोजायचो. आठ महिन्यांनी कळलं की पहिल्या महिन्यापासूनच तिथे दुसरा होता.

माझी धाकधूक अगदी बरोबर होती, हो. घरात गॅस गळत असताना ‘तुला वासाची अँग्झायटी आहे’ म्हणून मला बाहेर बसवलं. हल्ली हे शब्द कोण वापरतं बघा. जे धास्तावलेत ते कमी वापरतात. ज्यांना उत्तर द्यायचं नाही त्यांच्या तोंडी हे जास्त असतात. धागाकर्तीच्या वर्सोवावाल्याने तिला ‘तू अँक्शस आहेस’ असं म्हटलं नसेल तर मी नाव बदलून वांद्रे पश्चिम ठेवतो.

चौथीसीट · संध्याकाळी ६:१८

नाव बदलू नका. म्हटलं होतं. बरोबर तेच शब्द.

पण मग कळायचं कसं? माझ्याही पोटात गोळा, तुमच्याही पोटात गोळा. तुमच्याकडे गॅस गळत होता. माझ्याकडे, जेवढं मला माहीत आहे तेवढं, दुसरी कोणी नव्हती. तो तसाच होता, सगळ्यांशी. आईचाही फोन चार दिवस उचलायचा नाही.

वांद्रे_पूर्व · संध्याकाळी ६:४०

मग तुझ्याकडेही गळतच होता की! दुसरी बाई असली तरच गळती मोजायची का? चार-चार दिवस गप्प बसणाऱ्याबरोबर कोणीही शहाणं माणूस अस्वस्थ होईल. तू सगळा दोष स्वतःच्या ‘स्टाइल’वर घेतलास, आणि वर त्याला सोडल्यावर ‘ते प्रेम नव्हतंच’ म्हणून तुझी अडीच वर्षंही पुसायला निघालीस. होतं ते प्रेम. चुकीच्या पत्त्यावर गेलं, इतकंच.

काकू_दादरच्या · संध्याकाळी ७:१०

वांद्रे पूर्वला अनुमोदन. ज्याच्यासाठी मुलुंडहून वर्सोवा केलंस त्याच्यावर तुझं काहीच नव्हतं, असं स्वतःला सांगून निजता येत असेल तर सांग, पण ते खोटं आहे बाळा.

चौथीसीट · संध्याकाळी ७:३२

दोघांनी मिळून धरलंय. पण काकू, अडीच वर्षांनंतर मला त्याच्याबद्दल काय माहीत आहे याची परवा मी यादी केली. त्याला कांदा चालत नाही. तो डावखुरा आहे. त्याच्या लास्ट सीनची वेळ. त्याला कशाची भीती वाटते, मोठा होऊन काय करायचं होतं, बाबांशी का बोलत नाही, यातलं काही मी विचारलंच नव्हतं. विचारून तो चिडला असता तर? चेंबूरच्याबद्दल चार महिन्यांत मला यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला माणूस हवा होता की माणसाचं उत्तर हवं होतं?

मालवणी_मसाला · रात्री ९:५५

एक गोष्ट सांगतो, कुठल्या खात्यात बसवायची ते तुम्ही बघा.

आजोबा लालबागला गिरणीत. आजी देवगड तालुक्यात, चार पोरं, सासू, दोन म्हशी. वर्षातून गणपती आणि शिमगा, एवढंच नवरा-बायकोचं दर्शन. महिन्याला मनीऑर्डर यायची, फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायची जागा असायची, तिथे आजोबा लिहायचे, ‘सर्व कुशल, भात कसा आहे’. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचा. प्रेम हा शब्द त्या घरात कोणी काढला नसेल. पण आजी कधी अस्वस्थ दिसली नाही म्हणतात. महिना भरला की मनीऑर्डर येणार, गणपतीला माणूस येणार. ओपीडीवाल्या मॅडमच्या भाषेत कबुतरखाना.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. पहिले दोन महिने काहीतरी आलं, मग मनीऑर्डर बंद. पैसे नाहीत म्हणून आजोबांनी लिहिणंही बंद केलं. लाज वाटली असणार. आजी रोज दुपारी पोस्टाच्या वाटेवर जाऊन उभी राहायला लागली. आजोबा शेवटी परत आले ते ट्रंक घेऊन, कायमचे. आणि इथे तुमचं गणित चुकतं. माणूस घरी आला, पण आजीची उतरली नाही. बाबा सांगतात, पुढे कितीतरी वर्षं ती रात्री उठून कंदील मोठा करून बघायची, पडवीत झोपलेत का. कोणी विचारलं तर म्हणायची, “काय नाय, झोप येणा नाय.”

पंचवीस वर्षं विसावलेली बाई एका संपाने धास्तावली. आता हे प्रेम की अटॅचमेंट?

ओपीडी_क्र_१२ · रात्री ११:०२

मालवणी, खात्यात बसवायचीच नाही. धागाकर्तीच्या ‘आल्यावर उतरते ती काळजी’ला मी जरा घाईने मान डोलावली होती. स्टाइल ही रक्तगटासारखी जन्मभराची नसते. एकाच बाईची आईशी एक, नवऱ्याशी दुसरी, संपाआधी एक, संपानंतर वेगळी. ती पुन्हा हळूहळू बदलतेही. आजीचं नंतर कधी थांबलं का, ते बाबांना विचारा.

मालवणी_मसाला · रात्री ११:२०

विचारलं. नाही थांबलं. आजोबा म्हणे मुद्दाम खोकायचे, ती उठली असं जाणवलं की.

संस्कृत_सहावा_तास · रात्री ११:२६

यावर माझ्याकडे श्लोक नाही.

कसारा_शेवटची · शनिवार, सकाळी ८:१५

बायकोने धागा वाचला. म्हणाली, गाडीतून मेसेज करत नाहीस यावर मी कधी भांडले? रविवारी समोर सोफ्यावर बसलेला असतोस आणि मी बोललेलं तुला ऐकू येत नाही, त्याचं काय लिहिलंस? तर ते लिहितोय. आमच्या घरात धास्तावलेलं कोणी नाही, कंटाळलेलं आहे.

चौथीसीट · सोमवार, रात्री ९:३०

आठवडाभर गप्प होते. कालचं लिहायला लाज वाटत होती. आता लिहिते.

काल पाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचं ठरलं होतं. हार्बरचा मेगाब्लॉक आहे हे दोघंही विसरलो. सव्वापाच, साडेपाच, मेसेज नाही. फोन लावला तर वाजतोय आणि उचलत नाही. सहा वाजेपर्यंत माझे हात गार पडले होते. समोर क्रिकेटच्या आठ-दहा मॅचेस चालू, पोरं ओरडतायत, आणि मी कट्ट्यावर बसून स्क्रीन वर-खाली करतेय. बरोबर घाटकोपरच्या जिन्यासारखी. आणि तेव्हा, चार महिन्यांत पहिल्यांदा, मला वाटलं की माझं याच्यावर प्रेम आहे. छातीत धडधडलं तेव्हाच.

साडेसहाला तो आला, पळत. फोन घरी चार्जिंगला राहिलेला. कुर्ल्याहून बस, मग सायनपासून टॅक्सी, घामाने निथळत होता. सॉरी म्हणाला, काय झालं ते सांगितलं, विषय संपला. भुट्टा खाल्ला. माझी उतरली. आणि उतरली तशी ती ‘प्रेम आहे’वाली भावनाही गेली. परत वरणभात. खरं सांगायचं तर मला त्या दीड तासात परत जावंसं वाटलं.

संस्कृत_सहावा_तास · रात्री ९:४४

आनंद व्यक्त करायची ही वेळ नाही, पण मी हेच म्हणत होतो. विरहाशिवाय रस नाही.

ओपीडी_क्र_१२ · रात्री १०:०५

सर, थांबा. १९७४ साली कॅनडात एक गमतीचा प्रयोग झाला होता. दरीवरच्या झुलत्या पुलावर एक तरुणी पुरुषांना थांबवून प्रश्न विचारते आणि आपला नंबर देते. तीच तरुणी एका ठेंगण्या, भक्कम पुलावरही हेच करते. नंतर तिला फोन आले ते जास्त करून झुलत्या पुलावरच्यांचे. धडधड पुलाने केली, श्रेय बाईला मिळालं. धागाकर्तीचं शरीर अडीच वर्षं झुलत्या पुलावर राहिलंय. भक्कम पुलावर पाय ठेवला की त्याला वाटतं, काहीच घडत नाहीये.

वांद्रे_पूर्व · रात्री १०:११

किंवा चेंबूरचा मुलगा खरंच अळणी आहे. हीसुद्धा एक शक्यता असते हे या धाग्यावर कोणी बोलतच नाही. ‘सुरक्षित वाटतो’ म्हणून लग्न करायला तो काय मुदत ठेव आहे? त्यालाही कोणाचीतरी छाती आपल्यासाठी धडधडावी असं वाटत असेल.

काकू_दादरच्या · रात्री १०:४८

एक विचारू? त्या दीड तासात डोळ्यांसमोर काय येत होतं तुझ्या? तो गाडीखाली आलाय असं, की तो दुसरीकडे कुठे रमलाय असं?

चौथीसीट · रात्री ११:०९

गाडीखाली. कुर्ल्याचा प्लॅटफॉर्म दिसत होता, गर्दी गोळा झालेली. त्याची ती राखाडी बॅग.

वर्सोवावाला चार दिवस गप्प असायचा तेव्हा तो गाडीखाली आलाय असं मला एकदाही दिसलं नव्हतं. नेहमी कुठेतरी मजेत, हसत दिसायचा.

काकू_दादरच्या · रात्री ११:१२

हं.

वांद्रे_पूर्व · रात्री ११:१६

मान्य, हा मुद्दा मला सुचला नव्हता. तरी अळणीचं काय? घरी काय सांगितलंस?

चौथीसीट · रात्री ११:२५

दिवाळीपर्यंत कोणी विचारू नका म्हटलं. त्यालाही आज भेटून तेच सांगितलं, वर्सोव्यासकट सगळं. तो म्हणाला, बरं. मग विचारलं, तोपर्यंत भेटायचं ना? मी हो म्हटलं. अकराला त्याचा मेसेज आलाय, ‘पोचलो’. काय लिहायचं ते सुचत नाहीये म्हणून इथे लिहीत बसलेय.

कसारा_शेवटची · रात्री ११:२७

अहो बाई, निळ्या टिका गेल्यात त्याला! आधी उत्तर द्या.